गवतावरचा ग्लोव्ह

बेसबॉलचे नियम बदलणारी माणसं मी कधी पाहिलेली नाहीत, पण त्यांच्या खुर्च्या गुबगुबीत असणार याबद्दल मला शंका नाही. लाकडी बाकावर बसलेल्या माणसाला इतके नियम सुचत नाहीत.

मी ह्यू प्रोबर्ट. पेनसिल्व्हेनियातल्या या कोळशाच्या पट्ट्यात रविवारच्या सामन्यांना सत्तावीस वर्षं अंपायर म्हणून उभा राहतोय. शाळेत गेलो चार महिने. नंतर खाणीवर कोळशातले दगड निवडायला बसलो. वाचायला शिकलो ते नियमांच्याच पुस्तकावरून, एक एक ओळ बोटाने दाबत. त्यामुळे दुसरं काही येत नसलं तरी ते पुस्तक मला येतं, आणि त्याच्या आधीची पुस्तकंही येतात. एके काळी बॅटर चेंडू टाकणाऱ्या पिचरला हुकूम सोडायचा, वर टाक, नाहीतर खाली टाक, खानावळीत अंडं मागवावं तसा. एक टप्पा पडलेला चेंडू झेलला तरी माणूस बाद धरायचे. नऊ वाईट चेंडू पडले की पहिला बेस, म्हणजे धावेच्या वाटेवरचा पहिला थांबा, फुकट मिळायचा. मग नवाचे आठ झाले, आठाचे सात, सहा, मध्येच परत सात, मग पाच आणि शेवटी चार. एवढा हिशेब लावायला त्यांना दहा वर्षं लागली, आणि आमचा मुकादम आम्हाला चहाला दहा मिनिटं देत नव्हता. चेंडूला थुंकी लावून टाकत, तेही १९२० मध्ये बंद झालं. ज्यांचं पोटच थुंकीवर होतं अशा थोड्या पिचरना तेवढी निवृत्त होईपर्यंत थुंकायची परवानगी दिली.

दर वेळी लोक म्हणाले, आता खेळ मेला. तो काही मेला नाही. आणि मी प्रत्येक नियम पाठ केला, पटो न पटो, आणि शब्दाला शब्द पाळून चालवला. एवढं तर मला शिव्या देणारेही कबूल करतात. बाकी मला दिवसा दिसत नाही म्हणून ते मला वटवाघूळ म्हणतात.

१९५४ च्या मार्चमध्ये नवं पुस्तक आलं. स्टोव्हशेजारी बसून चाळलं आणि एका ओळीवर बोट थांबलं. बॅटिंगला येणाऱ्या संघाने आपले सगळे ग्लोव्ह मैदानाबाहेर न्यायचे. मैदानात एकही वस्तू पडलेली दिसता कामा नये.

आता हे ज्याला माहीत नाही त्याला सांगतो. तोवर ग्लोव्ह कुणी आत नेतच नसे. तिसरा माणूस बाद झाला की क्षेत्ररक्षक ग्लोव्ह आपल्या जागी गवतावर टाकायचा आणि बॅटिंगला पळायचा. दुसऱ्या संघाचे लोक येऊन त्या ग्लोव्हच्या आजूबाजूला खेळायचे. परत आलं की ग्लोव्ह तिथेच. फार तर कुणी त्यात मेलेला उंदीर ठेवलेला असायचा. सत्तावीस वर्षांत गवतावरच्या ग्लोव्हला चेंडू लागल्याचं मी दोनदा पाहिलं, आणि दोन्ही वेळा कुणाचं काही बिघडलं नाही. पण गुबगुबीत खुर्चीला ते कसं चालणार.

मी पुस्तक मिटलं आणि टोपी घालून वोझ्नीबाईंकडे गेलो. हा नियम आमच्या भागात कुणाच्या मुळावर येणार असेल तर तो त्यांच्याच घराच्या.

वोझ्नीबाईंचे यजमान आमच्या ब्रॉडी गावच्या संघात लेफ्ट फील्डला, म्हणजे बॅटरच्या डाव्या हाताला लांब गवतात, सतरा वर्षं खेळले. खाणीच्या धुळीने त्यांची फुप्फुसं खाल्ली आणि १९४३ च्या जूनमध्ये एका रविवारी दुपारी ते गेले. जाताना म्हणाले, "माझा ग्लोव्ह लेफ्ट फील्डला खेळेल त्याचा." म्हाताऱ्याला दोन मुलगे. थोरला फ्लोरियन ब्रॉडीकडून लेफ्ट फील्डला खेळायचा. धाकटा झिगी लग्न करून तीन मैलांवरच्या केलर्स गॅपला गेला होता आणि तिथे लेफ्ट फील्डलाच खेळायचा. दफनाच्या दिवशी दोघांनी ग्लोव्हला दोन्हीकडून धरलं आणि पाद्र्यासमोर ओढाओढ केली. त्या दिवसापासून एकमेकांशी शब्द नाही.

तेव्हा वोझ्नीबाईंनी मला बोलावलं होतं, नियम कळणारा माणूस म्हणून. मी विचार करून निकाल दिला. ग्लोव्ह आईकडे राहील. ब्रॉडी आणि केलर्स गॅप एकमेकांशी वर्षातून चारदा खेळतात. त्या चार रविवारी आई तो स्वतः लेफ्ट फील्डच्या गवतावर ठेवेल. फ्लोरियनने त्याच्या डावात वापरावा, तिथेच टाकावा, मग झिगीने उचलावा. सामना संपला की आई घेऊन जाईल. म्हाताऱ्याचा शब्दही राहिला, आणि कुणाला कुणाचं तोंड बघायला नको. त्या निकालाचा मला इतका अभिमान होता की मी तो बारमध्ये कितीतरी वेळा सांगितला आहे.

अकरा वर्षं तसंच चाललं होतं.

वोझ्नीबाई बटाटे किसत होत्या. मी नियम वाचून दाखवला. त्यांनी किसणी थांबवली नाही.

"मग?" त्या म्हणाल्या.

"मग काय. आता गवतावर टाकता येणार नाही. हातात द्यावा लागेल."

"देणार नाहीत."

"ते मलाही माहीत आहे, वोझ्नीबाई. म्हणून तर आलो. एक जण घरी घेऊन जाईल, दुसरा जन्मात तुमच्या दारात येणार नाही. तुम्हीच कुणा एकाला देऊन टाका."

"एकाला देऊन दुसरा घालवू?" त्यांनी किसाचं पाणी पिळलं. "वर्षातून चार दिवस माझे दोन मुलगे एका वस्तूला हात लावतात, ह्यू. माझ्याकडे तेवढंच आहे. तू असं कर, त्या दिवशी तुझ्या पुस्तकातलं ते पान फाड."

"मी नियम पाळला नाही असा एक दिवस दाखवा."

"नियम पाळतोस रे. पण तेव्हा तू न्याय केला नव्हतास. सोय केली होतीस."

मला राग आला. मी त्यांनी तळलेल्या तीन ब्लीनी, म्हणजे बटाट्याची धिरडी, खाल्ल्या, पण रागातच खाल्ल्या.

मे महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी सामना आला. मैदान ब्रॉडीचं, म्हणजे पाहुणे केलर्स गॅप आधी बॅटिंगला आणि फ्लोरियन आधी लेफ्ट फील्डला. वोझ्नीबाई पिठाच्या पिशवीतून ग्लोव्ह घेऊन आल्या, लंगडत लेफ्ट फील्डपर्यंत गेल्या, गवतावर ठेवला आणि परत येऊन स्वयंपाकघरातून आणलेल्या खुर्चीवर बसल्या. त्या ग्लोव्हला बघून तुम्ही तो कुत्र्यालाही दिला नसता. काळा, चपटा, करंगळीजवळ शिवलेला, हंसाच्या चरबीचा वास मारणारा.

पहिल्या अर्ध्या डावात काही झालं नाही. तिसरा माणूस बाद झाला आणि फ्लोरियनने सवयीने ग्लोव्ह मागे टाकला.

"उचल," मी ओरडलो.

"काय?"

"ग्लोव्ह उचल. नवीन नियम."

"म्हाताऱ्या, तुझं डोकं ठिकाणावर आहे का?"

"नाही, पण पुस्तक खिशात आहे."

फ्लोरियन एक्केचाळीस वर्षांचा, ओंडक्यासारखा माणूस. तो पाय आपटत परत गेला, ग्लोव्ह उचलला आणि आत यायला लागला. तिकडून झिगी रिकाम्या हाताने लेफ्ट फील्डकडे निघाला होता. तिसऱ्या बेसजवळ दोघे हातभर अंतरावरून गेले. एक कोळशाच्या ढिगाकडे बघत होता, दुसरा चर्चच्या मनोऱ्याकडे. फ्लोरियन ग्लोव्हसकट आपल्या बाकावर जाऊन बसला. नियमात तेच लिहिलं होतं.

झिगी लेफ्ट फील्डला उघड्या हातांनी उभा राहिला. या दिवशी तो स्वतःचा ग्लोव्ह कधी आणतच नसे. त्याच्या संघातले दोघे आपला द्यायला धावले, त्याने मान हलवली.

"ए झिगी," ब्रॉडीच्या बाजूने कुणीतरी ओरडलं, "बायकोची कढई आणू का?"

"तुझ्या बायकोची आण," झिगी म्हणाला, "तिच्यात काही शिजत नाही म्हणतात."

त्याच डावात चेंडू त्याच्याचकडे गेला. जोरात, सरळ. त्याने तो छातीवर घेतला, मग हातांनी दाबून धरला. बॅटर बाद. झिगीचं मधलं बोट गाजरासारखं सुजलं. तो माझ्याकडे बघून हसला, आणि मला ते हसू आवडलं नाही.

दुसऱ्या डावात केलर्स गॅप बाद झाले तसा फ्लोरियन माझ्यासमोर येऊन उभा राहिला आणि ग्लोव्ह माझ्या हातावर आपटला.

"त्याला दे."

"मी काय टपालवाला आहे?"

"त्याचं बोट मोडलं तर आई मला जेवू घालणार नाही. दे. आणि सांग, करंगळीची दोरी कुणीतरी सैल केली आहे. मी केलेली नाही."

मी तिसऱ्या बेसपर्यंत चालत गेलो आणि झिगीला ग्लोव्ह दिला. "दोरी सैल आहे म्हणतो."

"सांग त्याला, मागच्या सप्टेंबरपासून सैल आहे. त्याला आज दिसली."

असं सुरू झालं ते. प्रत्येक अर्ध्या डावानंतर एक भाऊ ग्लोव्ह माझ्या हातात द्यायचा, सोबत एक वाक्य, आणि मी ते घेऊन दुसऱ्याकडे जायचो. अकरा वर्षांचं बोलणं माझ्या पायांनी चालायला लागलं.

"विचार त्याला, आईच्या पायऱ्यांवरचा बर्फ कोण काढतं."

"सांग त्याला, तिच्या तळघरात कोळसा कोण टाकतं. बर्फ म्हणे. तो मार्चमध्ये आपोआप जातो."

"त्याला सांग, थोरल्या मुलीच्या लग्नाला बोलावलं नाहीस ते माझ्या बायकोने लिहून ठेवलंय."

"त्याला सांग, बोलावलं होतं. चिठ्ठी त्याच्या बायकोनेच चुलीत घातली. आता ती लिहिते का."

लोकांना मजा यायला लागली. पिचर कंटाळून चेंडू पँटला पुसत उभे. माझ्या पुढ्यात बसून चेंडू झेलणाऱ्या केलर्स गॅपच्या कॅचरने मला विचारलं, "आज काय म्हणतो?" जणू मी रोजचं वर्तमानपत्र. माझं डोकं तापत चाललं होतं. बासष्टाव्या वर्षी, अंगावर गादीएवढं संरक्षण बांधून, मी तिसऱ्या बेसपर्यंत खेटे घालत होतो, आणि कशासाठी, तर दोन आडदांड माणसांना एकमेकांकडे बघायला नको म्हणून.

सहाव्या डावात फ्लोरियन आला तेव्हा त्याने ग्लोव्ह आपटला नाही. हळूच दिला.

"त्याला विचार," तो म्हणाला, "बाबा गेले त्या दुपारी तो चेंडू का खेळत होता."

"फ्लोरियन, हे मी नेणार नाही."

"बाकीचं नेलंस ना. हेही ने."

मी नेलं. न्यायला नको होतं, पण नेलं. झिगीला सांगितलं तसा त्याचा चेहरा धुतलेल्या फडक्यासारखा झाला. त्याने ग्लोव्ह घेतला आणि लेफ्ट फील्डला गेला. त्या डावात एक साधा, उंच, सावकाश येणारा चेंडू त्याच्याकडे आला, वोझ्नीबाईंनी बसल्या जागेवरून झेलला असता असा. तो त्याच्या हातांतून खाली पडला. दोन माणसं धाव पुरी करून घरच्या बेसला पोचली आणि ब्रॉडी चार-तीनने पुढे गेलं. ब्रॉडीचे लोक नाचले. फ्लोरियन बाकावर तसाच बसून होता. डावाच्या शेवटी झिगीने ग्लोव्ह माझ्याकडे दिला, निरोपाशिवाय.

सातव्या डावात केलर्स गॅप बाद झाले. फ्लोरियन ग्लोव्ह घेऊन माझ्याकडे निघाला. झिगी तिसऱ्या बेसजवळ येऊन उभा राहिला, माझी वाट बघत. आणि मला एकदम दिसलं की हे सगळं मी आधीही केलेलं आहे. अकरा वर्षं मी मध्ये उभाच होतो. तेव्हा गवत उभं केलं होतं, आज स्वतः उभा होतो, एवढाच फरक. बाईंनी सोय म्हटलं ते याला.

मी हात पाठीमागे बांधले.

"घे," फ्लोरियन म्हणाला.

"पुस्तकात लिहिलंय, ग्लोव्ह खेळाडूने न्यायचा. अंपायरने नाही."

"मग मी बाकावर नेतो."

"बाकावर नेलास तर सामना थांबवतो. तिसऱ्या बेसवर जा आणि त्याच्या हातात दे. एक मिनिट देतो. नाहीतर दोन्ही गावं हरली, सामना सोडला की धरतात तसं नऊ-शून्य."

"दोन्ही?" ब्रॉडीचा मॅनेजर ओरडत आला. "दोन्ही कशी हरतील, वटवाघळा? कुठे लिहिलंय? पान दाखव."

"पुढच्या वर्षी छापतील," मी म्हणालो. "तू बाकावर बस."

असा नियम नाही, हे मला माहीत होतं. सत्तावीस वर्षांत मी पहिल्यांदा खोटा नियम सांगितला, तोही चारशे माणसांदेखत, आणि आवाज जराही कापला नाही. मी घड्याळ काढलं.

फ्लोरियन हलला नाही. झिगीही हलला नाही. आरडाओरडा थोडा वेळ चालला, मग तोही थांबला. वोझ्नीबाईंनी पिठाची पिशवी मांडीवर घट्ट धरली होती. फ्लोरियनने एकदा आईकडे पाहिलं, एकदा हातातल्या त्या काळ्या चपट्या वस्तूकडे. मिनिटातली वीस सेकंदं उरली असतील, तेव्हा तो तिसऱ्या बेसकडे चालायला लागला. मी मागोमाग गेलो. कुणी कुणाला मारलं असतं तर मध्ये पडायला अंपायरच लागतो.

त्याने ग्लोव्ह पुढे धरला. झिगीने घेतला नाही.

"त्यांनीच पाठवलं मला," झिगी म्हणाला. मला नाही, त्याला. "तू जादा पाळीला खाणीत होतास, आई चर्चला. मी म्हटलं आज खेळत नाही. म्हणाले, जा. खेळ आणि येऊन स्कोअर सांग."

फ्लोरियनचा हात तसाच पुढे होता.

"मी कपडे न बदलता धावत आलो. तोवर तुम्ही त्यांच्या चेहऱ्यावर चादर घातली होती. आणि तू दारातच म्हणालास, खेळून झालं का."

"म्हणालो," फ्लोरियन म्हणाला.

"मग कुणाला सांगू स्कोअर?"

चारशे माणसं तिथे होती, त्यांतल्या एकालाही हे ऐकू गेलं नसेल. मला गेलं. मी घड्याळाकडे बघत राहिलो. मिनिट केव्हाच संपलं होतं, पण घड्याळ माझं होतं.

फ्लोरियनने नाक ओढलं. "काय झाला होता?"

"काय?"

"स्कोअर."

"हरलो. सात-दोन."

"सात-दोन." फ्लोरियनने त्यावर थोडा विचार केला. "मग बरं झालं. त्यांना ऐकवलं नसतं."

झिगी हसला की आणखी काही केलं ते मला नक्की सांगता येणार नाही, मी चर्चच्या मनोऱ्याकडे बघत होतो. परत वळलो तेव्हा त्याने ग्लोव्ह घेतला होता आणि सुजलेलं बोट आत घालायची धडपड करत होता.

"पट्टा ढिला कर आधी," फ्लोरियन म्हणाला. "असं नाही. गाढवा, इकडे आण."

"मला येतं."

"दिसतंय येतं ते."

मी ओरडलो, "खेळा." लेफ्ट फील्डकडे जाताना झिगी दोनदा मागे वळून काहीतरी बोलला आणि फ्लोरियननेही बाकावरून उत्तर दिलं. मला आता त्यांना आपसात बोलू नका म्हणून ओरडावं लागलं.

सामना केलर्स गॅपने पाच-चारने जिंकला. नवव्या डावात त्यांच्या कॅचरने दोन धावा काढल्या, त्यात आपल्याला सांगण्यासारखं काही नाही. लोक पांगले. मी बेस गोळा करत होतो. तिसऱ्या बेसजवळ दोघे भाऊ अजून उभे होते आणि त्यांच्यात चांगली जुंपली होती. दोरी कातड्याची घालायची की जाड सुतळीची, कुणाच्या घरी नेऊन घालायची, आणि चरबी हंसाची बरी की डुकराची. फ्लोरियनचं म्हणणं, झिगी चरबी फार थापतो, म्हणून ग्लोव्ह चपटा झाला. झिगीचं म्हणणं, फ्लोरियन त्यावर बसतो म्हणून.

वोझ्नीबाई पिशवी घेऊन आल्या. थोडा वेळ ऐकत राहिल्या. मग त्यांनी पिशवी झटकली, चौघडी घालून पर्समध्ये ठेवली.

"ग्लोव्ह नेणार नाही?" मी विचारलं.

"कशाला? त्यांचा आहे, बघतील." त्यांनी खुर्ची माझ्या हातात दिली. "ही घरापर्यंत आण. आणि ह्यू, दोघे हरतात असा काही नियम नाही ना?"

"नाही."

"मला वाटलंच. खोटं बोलताना तुझे कान लाल होतात."

मी खुर्ची खांद्यावर घेतली आणि त्यांच्या मागून निघालो. चढावर दम लागला तसा मला त्या गुबगुबीत खुर्चीवाल्यांचा पुन्हा राग आला. त्यांना वोझ्नीबाई माहीत नव्हत्या, फ्लोरियन-झिगी माहीत नव्हते. त्यांना फक्त गवत साफ हवं होतं, आणि श्रेय मी त्यांना मेलो तरी देणार नाही. पण माझा नियमही काही फार हुशारीचा नव्हता, आणि मी तर या लोकांना रोज बघत होतो.

मागून फ्लोरियनचा आवाज आला, "आई, आम्ही जेवायला येतोय."

"दोघेही?" त्यांनी मागे न बघता विचारलं.

"दोघेही. पण त्याला सांग, ग्लोव्ह जेवणाच्या टेबलावर ठेवायचा नाही."

"तूच सांग," वोझ्नीबाई म्हणाल्या. "तो तुझ्या शेजारी उभा आहे."